हनुमान सागराच्या काठावरून

सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या सीमेवर, वान नदीवरील जलाशयाला ‘हनुमान सागर’ असे नाव आहे. शतयोजने समुद्राचे उल्लंघन करणाऱ्या रामदूताचे नाव ज्या पाण्याला दिले, त्याच्या परिसरातील किती मुलांना पोहता येते, असा प्रश्न संग्रामपूर तालुक्यातील सुजाण नागरिकांनी स्वतःला विचारावा. उत्तर समाधानकारक येणार नाही. वारी हनुमानाच्या दर्शनाला गेलेले तरुण तेथील डोहात बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. जुलै २०२३ मध्ये अतिवृष्टीने संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत हाहाकार उडाला, तेव्हा पाणी आपल्या दारात येऊ शकते हेही या भागाने अनुभवले.

पोहणे हा नदीकाठच्या किंवा समुद्रकाठच्या लोकांचा छंद, अशी आपली समजूत झाली आहे. वास्तविक एक पिढी मागे गेलो, तर कमरेला वाळलेला भोपळा बांधून वडील किंवा काका मुलाला विहिरीत उतरवीत. पोहणे हा घरचा संस्कार होता. ती परंपरा खंडित झाली. मात्र पाणी गेले नाही. उलट शेतोशेती शेततळी झाली. त्यांच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावरून पाय घसरलेल्या माणसाला वर येणे जवळजवळ अशक्य होते. काठाला दोर आणि टायर बांधून ठेवणे इतका साधा उपायही अनेक ठिकाणी दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली. शालेय वयाच्या मुलांना पोहणे आणि सुरक्षित बचाव शिकवावा, ही त्या संघटनेची स्पष्ट शिफारस आहे. जग आज जे सांगत आहे, ते आपल्या वाडवडिलांनी भोपळ्याच्या साहाय्याने केव्हाच केले होते!

जलतरणातील पराक्रमाचीही आपल्याकडे वाण नाही. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात ‘मोरिया’ बोटीतून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी उडी घेतली, ती साऱ्या जगात गाजली. त्या उडीमागे जाज्वल्य देशभक्ती होती, तसेच पाण्याची भीती नसलेले शरीरही होते, याचा आपल्याला विसर पडतो. १९५८ मध्ये मिहिर सेन यांनी आणि १९५९ मध्ये आरती साहा यांनी इंग्लिश खाडी पार केली. सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर शर्यतीत भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातील सात खडतर सागरी टप्पे पूर्ण केले. असे करणारे ते पहिले आशियाई ठरले.

खुल्या पाण्यातील स्पर्धांपासून घेण्यासारखा मुख्य धडा आहे तो शिस्तीचा. इंग्लिश खाडी पोहणाऱ्याच्या सोबत नौका आणि निरीक्षक असतात. मात्र नौकेचा आधार घेतला की प्रयत्न बाद. बंगालमध्ये भागीरथीच्या पात्रात ८१ किलोमीटरची शर्यत होते, मालवणच्या चिवला किनाऱ्यावर मुले समुद्रात पोहतात. तेथेही जीवरक्षक आणि बचावनौका यांची सिद्धता आधी होते, शिट्टी नंतर वाजते. डोहात बेभान उडी मारणारा तरुण आणि स्पर्धेतला जलतरणपटू यांच्यात धाडसाचा फरक नसतो, अनुशासनाचा असतो. अनुशासनाविना धाडस म्हणजे केवळ आत्मघात.

म्हणूनच संग्रामपूर, सोनाळा, वरवट बकाल यांसारख्या गावांतील कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. सुरक्षित जागा पाहावी, जाणत्या प्रशिक्षकाला पाचारण करावे, पालकांची संमती घ्यावी आणि उन्हाळी सुट्टीत मुला-मुलींचे वर्ग चालवावेत. बुडणाऱ्याला आधी दोर फेकावा, काठी द्यावी. अप्रशिक्षिताने पाण्यात उडी घेऊ नये, हे प्रत्येक शाळेत शिकवावे. प्रत्येक गावात चार-पाच प्रशिक्षित तरुणांचे बचावपथक उभे राहिले, तर पुराच्या रात्री बाहेरच्या मदतीची वाट पाहत बसावे लागणार नाही. पुढे रीतसर परवानगी आणि पूर्ण बंदोबस्तासह तालुक्याची स्पर्धाही भरवता येईल.

समर्थांनी मारुतीची स्थापना केली, ती समाजाने बलोपासना करावी म्हणून. दर शनिवारी तेल वाहणाऱ्या हातांनी वर्षाकाठी एका मुलाला जरी पोहायला शिकवले, तरी ती उपासना सार्थ होईल. पदके येतील तेव्हा येतील. पण एका आईचे मूल सुखरूप घरी परतले, तर ते पदकाहून थोर आहे.