सावकारी बंद करा म्हणणाऱ्यांना

व्याजाच्या जाचापायी कुणी जीव दिला की चाकणच्या पट्ट्यात चार दिवस एकच मागणी ऐकू येते: खासगी सावकारी मुळापासून उपटून टाका. निवेदनं दिली जातात, एखाददुसरी कारवाई होते आणि पाचव्या दिवशी त्याच माणसांकडून त्याच दराने पुन्हा पैसे उचलले जातात. मागणी करणाऱ्यांचा संताप खरा आहे, तो माझाही आहे. मागणी मात्र चुकीची आहे. सोनं ठेवून, पावती घेऊन, कायद्याने ठरवलेल्या व्याजाने काढलेलं कर्ज आणि एटीएम कार्ड, कोरा चेक किंवा गाडीची चावी देऊन उचललेले पैसे, या दोन व्यवहारांना आपण एकच नाव देतो. त्यात पहिला बदनाम होतो आणि दुसऱ्याला त्याच्या आडोशाला लपता येतं.

आधी याच पट्ट्यातल्या निघोज्यात पैसे कोण उचलतं ते पाहू. महिंद्रा आणि फोक्सवॅगन या दोन मोठ्या मोटार कारखान्यांच्या पत्त्यात या गावाचं नाव आहे. त्यांच्या आधाराने सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने आजूबाजूला उभे राहिले. तिथे राबणारा मोठा वर्ग ठेक्यावरचा आहे: लातूर-नांदेडकडचा, विदर्भातला, बिहार-उत्तर प्रदेशातला. गावात उतरल्या दिवशी त्याला खोलीचं डिपॉझिट लागतं, गॅस-भांडी लागतात, आणि पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेआधी हाती येत नाही. म्हणजे महिनाभर तो आपली मेहनत कंपनीला आणि ठेकेदाराला उधार देतो आणि स्वतःच्या पोटासाठी दुसऱ्याकडे हात पसरतो. ‘ऐपत नाही तर कर्ज काढायचं कशाला?’ असं विचारणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. यात उधळपट्टी कुठे आहे?

‘आता बँका आहेत, जनधन खाती आहेत, मोबाइलवरून पैसे जातात. सावकार लागतोच कशाला?’ हा आक्षेप सुशिक्षितांचा लाडका आहे. खातं असणं वेगळं आणि पत असणं वेगळं. बँक कायमचा पत्ता मागते. याच्याकडे भाडेकरारही नसतो. बँक पगाराची स्लिप मागते. ती ठेकेदाराच्या नावाची असते, आणि कायम करावं लागू नये म्हणून सात-आठ महिन्यांनी सेवा खंडित झालेली असते. पोराला रात्री नऊ वाजता दवाखान्यात दाखल करायचं झालं तर अनामत रक्कम तेव्हाच भरावी लागते, बँकेच्या मंजुरीची वाट पाहता येत नाही. ही उणीव भरून काढायला मोबाइलवरची कर्जाची ॲप आली. त्यातल्या बेकायदा ॲपनी तर फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना फोन लावले आणि बदनामीच्या धमक्या दिल्या. ती दुसरी सावकारीच झाली, फक्त तिला चेहरा नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो याच मातीतला आहे. निघोजे इंद्रायणीकाठचं गाव; वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, त्यांनी कर्जखतं नदीत बुडवली, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. ‘संतांनी जे पाण्यात सोडलं ते तुम्ही काठावर पुन्हा मांडता?’ असा सवाल मला ऐकावा लागला आहे. पण परंपरा जी गोष्ट सांगते ती पुरी सांगा. खतांचे दोन वाटे झाले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याच्या हाती दिला गेला. इंद्रायणीत गेला तो तुकोबांचा स्वतःचा. आपलं येणं त्यांनी सोडलं, भावाच्या येण्यावर पाणी सोडलं नाही. त्याग ज्याचा त्याने करायचा असतो, हे त्यांना नेमकं कळत होतं. कर्ज देणं हेच पाप असतं तर कान्होबाच्या हातात ते पाप त्यांनी ठेवलं असतं का?

तिसरा दाखला १८७५चा देतात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि दंग्याचं लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात चढलेला कापसाचा भाव कोसळला होता, सरकारने सारा वाढवला होता आणि सावकारांनी हात आखडता घेतला होता. त्या शेतकऱ्यांनी जाळलं काय? खतं आणि वह्या. जिथे कागद मुकाट्याने हवाली झाले तिथे माणसाच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. त्यांचा राग कर्जावर नव्हता; अंगठा उठवून घेतलेल्या, स्वतःला वाचता न येणाऱ्या कागदावर होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये डेक्कन शेतकऱ्यांचा कायदा केला. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. चांगला कायदा. पण सावकारांनी लगेच वाट काढली: गहाणखत टाळायचं, सरळ खरेदीखत करून घ्यायचं आणि ‘पैसे दिलेस की जमीन उलटून देतो’ अशी तोंडी बोली ठेवायची.

ही वाट आजही चालू आहे. एमआयडीसीच्या भिंतीला लागलेल्या गावांत गुंठ्याचे भाव कुठे गेले हे सांगायला नको. अशा ठिकाणी दोनतीन लाखांच्या नडीपायी झालेलं खरेदीखत म्हणजे घराण्याची जमीन गेलीच म्हणून समजा. वरून दाबलं की कर्ज संपत नाही, ते कागद बदलून खाली वाहत राहतं. बंदी मागणाऱ्यांनी या दीडशे वर्षांच्या अनुभवाला उत्तर द्यावं.

आता गहाणाचा सरळ व्यवहार जवळून पाहा. बाई मंगळसूत्र काढते. काळे मणी आणि दोरा तिच्याकडेच राहतात. वाट्या आणि सोन्याचे मणी तराजूत जातात. वाटीत भरलेल्या लाखेचं वजन वजा होतं, कस पाहिला जातो, निव्वळ वजनावर रक्कम ठरते. पावतीवर वजन, शुद्धता, रक्कम, व्याज आणि मुदत येते आणि ती पावती घरी रेशनकार्डाच्या पिशवीत जाते. या व्यवहारात बुडून बुडणार काय? तो दागिना. त्यालाही १८७२च्या करार कायद्याचं संरक्षण आहे: प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत सोडवून घेण्याचा हक्क राहतो, विकण्याआधी रीतसर सूचना द्यावी लागते, आणि कर्ज-व्याज वजा जाऊन उरलेली रक्कम मालकाला परत करावी लागते. कंपनीच्या गेटवर येऊन कुणी कॉलर धरत नाही, दारात उभं राहून बायको-पोरांसमोर शिव्या घालत नाही. सोनं गहाण पडतं, माणूस पडत नाही. शिवाय गहाण ठेवलेलं परत येतं. मोडलेलं पुन्हा करायचं तर घडणावळ आणि जीएसटी भरावा लागतो, आणि सोन्याचे आजचे दर पाहता ते पुन्हा होतच नाही.

यात एक उणीव आहे, ती लपवत नाही. दागिना बायकोचा असतो आणि पावती पुष्कळदा नवऱ्याच्या नावावर फाटते. तिला विचारलंही जात नाही. स्त्रीधनाची पावती तिच्याच नावाने आणि तिच्याच सहीने झाली पाहिजे.

बंदीवाल्यांचं खंडन केलं म्हणून दुसऱ्या टोकाचं मंडन करायला मी बसलेलो नाही. ‘तो अडीनडीला धावून येतो, रात्री-अपरात्री पैसे देतो, त्याला नावं ठेवू नका’ असं म्हणणारेही गावोगाव आहेत. त्यांच्यापुढे आकडे ठेवतो. या पट्ट्यात महिना दहा टक्के हा दर कुणाला नवा वाटत नाही. पाच हजारांवर महिन्याला ५०० रुपये. परवानाधारक सावकाराने तारण घेऊन बिगरशेतकऱ्याला दिलेल्या कर्जाला राज्याने ठरवलेला दर आहे वर्षाला १५ टक्के, म्हणजे त्याच पाच हजारांवर महिन्याला ६२ रुपये ५० पैसे. दुसरा प्रकार रोजच्या वसुलीचा: दहा हजार सांगायचे, हातावर नऊ टेकवायचे आणि रोज शंभरप्रमाणे शंभर दिवस घ्यायचे. वरवर व्याज हजारच दिसतं. पण मुद्दल पहिल्या दिवसापासून उतरत जातं. नीट हिशेब केला तर वर्षाचा दर ऐंशी टक्क्यांच्या आसपास निघतो.

‘जोखीम मोठी म्हणून व्याज मोठं’ हा त्यांचा बचाव. पगार जमा होतो त्या खात्याचं कार्ड आणि पिन ज्याच्या खिशात आहे, सात तारखेला कामगाराच्या आधी जो एटीएमवर पोचतो, त्याची जोखीम कसली? सगळी जोखीम त्या पोराची आहे. त्याच्या हातात पावती नाही, फेडलेल्याची नोंद नाही, आणि मुद्दल किती उरलं हे समोरचा सांगेल तेवढं.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चक्रवाढ व्याज घेता येत नाही. आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या नियमाला याच कायद्याने आधार दिला आहे: एकूण व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करता येत नाही. दहा टक्क्यांनी दहाव्या महिन्यातच ते मुद्दलाएवढं होतं. सावकारीपोटी बळकावलेली जमीन चौकशी करून परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. उणीव दुसरीकडे आहे. विनातारण कर्जाला कायद्याने वर्षाला १८ टक्के ठरवले आहेत. आज इथे, उद्या गावी, अशा ठेक्यावरच्या मुलाला तारणाशिवाय पाच हजार त्या दराने कोणताही परवानाधारक देणार नाही, आणि देतही नाही. ती मोकळी जागा महिना दहा टक्केवाल्याने भरली आहे. छोट्या रकमेच्या, थोड्या मुदतीच्या कर्जाला परवडेल असा वेगळा दर सरकारने ठरवावा. माझं हे मत अनेकांना रुचणार नाही, पण कागदावरच्या १८पेक्षा पावतीवरचे ३० मला बरे वाटतात, कारण पावतीवरचे तपासता येतात.

पर्याय हवेतले नाहीत. याच खेड तालुक्यात राजगुरुनगरच्या ‘चैतन्य’ संस्थेने, सुधा कोठारी यांच्या पुढाकाराने, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून बायकांचे बचत गट बांधले. त्यांचे संघ उभे राहिले. दर महिन्याची बचत, आपसातलं कर्ज, सगळ्यांसमोर वाचली जाणारी वही: सावकाराची जागा घेण्याची ताकद त्यात आहे, हे बाहेरून शिकायची आपल्याला गरज नाही. पण चाळीच्या खोलीत चौघांत राहणारा एकटा कामगार कोणत्याच गटात बसत नाही. कंपनीत कायम असलेल्यांची पतसंस्था असते, पगारातून हप्ता कापला जातो, लग्नाला-आजारपणाला कर्ज मिळतं. त्याच लाइनवर शेजारी उभा असलेला ठेक्यावरचा पोरगा तिचा सभासद होऊ शकत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर आहे. मग झालेल्या कामाच्या पगारातून निम्मी उचल महिन्याच्या मध्यावर, बिनव्याजी देण्यात अडचण कोणती? एवढ्याने निघोज्यातली अर्धी उसनवारी थांबेल.

उरलेल्या अर्ध्यासाठी गहाणाची सरळ खिडकी हवी. गावातल्या पतसंस्थेने पहिली पाळी सुटल्यावर संध्याकाळी दोन तास सोनेतारणासाठी दार उघडं ठेवावं. परवानाधारक सावकारांची यादी आणि कायदेशीर दर ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठी आणि हिंदीत लावावेत. ठराव करायला ग्रामसभा पुरेशी आहे.

तोवर ज्याचं कार्ड दुसऱ्याच्या खिशात आहे त्याने बँकेत जाऊन ते बंद करावं, नवं घ्यावं आणि सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार द्यावी. तक्रारीत घेतलेली रक्कम, आजवर भरलेली रक्कम आणि तारखा, आठवतील तेवढ्या, लिहाव्यात. पावती नसली तरी पगाराच्या दिवशी एटीएममधून किती काढले गेले हे बँकेच्या खातेउताऱ्यावर छापलेलं असतं.