बेदाणा, अब्दाली आणि आपण

भाषाविज्ञानाच्या तासाला फारसीतून मराठीत आलेल्या शब्दांची यादी फळ्यावर लिहिण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. बाजार, सौदा, तराजू, हंगाम, कर्ज, नुकसान, हप्ता. ('कर्ज' आणि 'नुकसान' हे मुळात अरबी, पण आपल्याकडे आले ते फारसीचे बोट धरून.) आम्हां दोघांपैकी एकाचे महाविद्यालय साताऱ्यात, दुसऱ्याचे सांगलीत; यादी मात्र दोन्हीकडे तीच. एका वर्षी तीत 'बेदाणा' या शब्दाची भर पडली. बे म्हणजे विना, दाना म्हणजे बी. ज्यात बी नाही तो बेदाणा. व्युत्पत्ती सांगून पुढे जाणार, तोच कवठेमहांकाळकडचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, शब्द तिकडून आला ते ठीक. आता मालही तिकडूनच येतोय. आमचा कोल्ड स्टोअरेजला पडलाय."

वर्ग हसला. आम्ही हसू शकलो नाही, कारण त्या वाक्याला द्यावे असे उत्तर आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा, बराच उशिरा केलेला, प्रयत्न आहे.

आधी वस्तुस्थिती. मार्च २००३ मध्ये भारत आणि अफगाणिस्तान यांच्यात प्राधान्य व्यापार करार झाला आणि सुका मेवा, फळे यांसह तेथील ३८ वस्तूंना भारताने शुल्कात सवलत दिली. एप्रिल २००७ च्या दिल्ली शिखर परिषदेत अफगाणिस्तान सार्कचा आठवा सदस्य झाला. नोव्हेंबर २०११ मध्ये मालदीवमधील शिखर परिषदेच्या वेळी भारताने सार्कमधील अल्पविकसित देशांसाठी राखून ठेवलेली संवेदनशील वस्तूंची यादी ४८० वरून २५ वर आणली. उरलेल्या त्या २५ वस्तू मद्य आणि तंबाखू या वर्गांतल्या. याचा सरळ अर्थ असा, की दारूला संरक्षण राहिले, बेदाण्याला राहिले नाही. इतर देशांच्या बेदाण्यावर मोठे आयातशुल्क असताना अफगाण बेदाणा शुल्काविना भारतीय बाजारात येऊ लागला.

यामागचे धोरण मूर्खपणाचे नव्हते. युद्धाने पोखरलेल्या शेजारी देशाला नुसती मदत देऊन भागत नाही, त्याला गिऱ्हाईक द्यावे लागते. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला तर त्याचा मुलगा बंदूक उचलणार नाही, हा त्यातला विचार आहे, आणि तो आम्हांलाही मान्य आहे. आमचे भांडण आहे ते या विचाराचा हिशेब मांडणाऱ्यांशी. खरे तर न मांडणाऱ्यांशी.

दिल्ली-मुंबईच्या चर्चासत्रांत 'प्रादेशिक सहकार्य' हा शब्द अत्तरासारखा शिंपडला जातो. तिथे चाबहार बंदराचा २०१६ चा त्रिपक्षीय करार असतो, २०१७ साली सुरू झालेला हवाई मालवाहतुकीचा मार्ग असतो, २१८ किलोमीटरचा झरंज-डेलाराम रस्ता असतो. नसते ते फक्त तासगाव. शेजाऱ्याच्या स्थैर्याची किंमत राष्ट्राने मोजली, असे तिथे सांगितले जाते. राष्ट्राने म्हणजे कोणी? रस्ता आणि धरण यांचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला, म्हणजे तो आपण सर्वांनी थोडाथोडा वाटून घेतला. सवलतीचा खर्च मात्र असा वाटला गेला नाही. तो आपल्या राज्यात सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या काही तालुक्यांवर येऊन पडला, आणि तोही त्यांना न विचारता, न सांगता.

हा पट्टा कोणता, हे कृष्णाकाठच्या उसात वाढलेल्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. मिरजेच्या पूर्वेकडून कवठेमहांकाळ, जत, आटपाडीकडे जाऊ लागले की हवा कोरडी होत जाते. पावसाने पाठ फिरवलेल्या या हवेलाच इथल्या माणसाने भांडवल केले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, मग घड काढून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचे, शेडमधल्या जाळीवर पसरायचे, पंधरवडाभर वाळवायचे, गंधकाची धुरी द्यायची, बायकांच्या हातांनी निवडायचे. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. फेब्रुवारी-मार्चात अवकाळी पावसाची एक सर आली की रॅकवरचा माल काळा पडतो. यातून जे वाचेल ते तासगाव-सांगलीच्या सौद्याला जाते, किंवा भावाची वाट पाहत शीतगृहात पडून राहते आणि भाडे चढत जाते. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव मिळते, भाव मिळतोच असे नाही.

भाव पडण्याचे खापर एकट्या अफगाण मालावर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. बागा वाढल्या, शेजारच्या विजयपूर भागातला माल वाढला, शिल्लक साठा वाढला. कारणे अनेक आहेत. पण अनेक कारणांपैकी जे एक कारण सरकारने स्वतः, जाणूनबुजून, उदात्त हेतूने निर्माण केले, त्याची भरपाई करण्याची जबाबदारीही सरकारचीच उरते. उदात्त हेतूचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणे याला औदार्य म्हणत नाहीत.

इथवर आमच्या सांगलीकर वाचकांनी माना डोलावल्या असतील. आता त्यांच्याशी भांडायचे आहे.

सौद्याच्या आवारात आणि चहाच्या टपरीवर या प्रश्नाचे एक सोपे उत्तर ऐकू येते: "अब्दालीच्या वारसांना कशाला पोसायचे?" वाक्य टाळीचे आहे. १४ जानेवारी १७६१ चा दिवस मराठी माणसाच्या इतका खोल मनात आहे, की 'पानिपत होणे' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचारच झाला. २०२५ साली साताऱ्याला ९९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद मिळाले आणि अध्यक्षपदी 'पानिपत' कादंबरीचे लेखक विश्वास पाटील निवडले गेले. पराभवाची ही स्मृती जपण्यात गैर काही नाही. गैर आहे ते आपल्या साहित्यातला अफगाण तिथेच, घोड्यावर बसलेला, अडीचशेहून अधिक वर्षे थांबून राहण्यात. टागोरांनी १८९२ साली काबुलीवाल्याला एक लेक दिली. आपण त्याला अजून माणूस म्हणून घरातही घेतलेले नाही.

तो माणूस कोण आहे? काबूलच्या उत्तरेला शोमालीचे मैदान आहे. पिढ्यान् पिढ्या द्राक्षांचे. १९९९ मध्ये तालिबानने तिथल्या बागा जाळल्या, माणसे हुसकून लावली. दक्षिणेत कंदाहारकडे मातीच्या जाड भिंतींची, हवेसाठी उभ्या फटी ठेवलेली घरे असतात. त्यांना किशमिशखाना म्हणतात. घड आत टांगून सावलीत वाळवायचे. कवठेमहांकाळच्या शेडमध्ये हिरवी जाळी जे काम करते, तेच काम तिथे मातीची भिंत करते. युद्धाच्या काळात त्याच भिंतींआडून गोळ्या झाडल्या गेल्या आणि म्हणून त्याच भिंती पाडल्याही गेल्या. द्राक्षे वाळवण्याचे घर मोर्चा म्हणून वापरले जावे, हे दुर्दैव आपल्या वाट्याला आलेले नाही.

आणि वेलाचे मूळ पाहायचे तर आपली 'थॉमसन सीडलेस' ही पश्चिम आशियातल्या बिनबियांच्या किशमिश द्राक्षाच्याच घराण्यातली. कॅलिफोर्नियाला जाऊन तिथल्या एका शेतकऱ्याचे आडनाव लावून ती आली. तिच्यातूनच तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' निवडली. ज्याला आपण परका माल म्हणतो तो आपल्या मालाचा चुलतभाऊ आहे. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, हे खरे. पण भाऊबंदकीतही शेजारच्या बांधावरच्या माणसाचे नाव ठाऊक असते.

दुसरेही एक विचारावे. हेरातजवळचे सलमा धरण भारताने बांधले. जून २०१६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ४२ मेगावॅट वीज आणि ७५ हजार हेक्टर सिंचन ही त्याची क्षमता. म्हैसाळ आणि टेंभूच्या पाण्याची वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या माणसाला हे आकडे वाचून जो सल होतो, तो आम्ही समजू शकतो. परंतु पाणी द्यायचे आणि त्या पाण्यावर पिकलेल्या मालाला दार लावायचे, हे कोणते शहाणपण? दार लावले तर त्या शेतकऱ्यापुढे दुसरे पीक उभे होतेच: अफू. जगातली बहुतांश अफू त्याच देशात पिकत असे. एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने बंदी घातली आणि २०२३ मध्ये लागवड ९५ टक्क्यांनी घटल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने नोंदवले. बंदी फर्मानाने येते. ती टिकते पर्यायी पिकाच्या भावावर.

पाण्यावाचून माणूस सरहद्दीकडे कसा पाहू लागतो, हे तर आपल्या जतनेच दाखवले आहे. २०१२ साली तिथल्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी तोच धागा पकडून त्या गावांवर दावा सांगितला. पोटाचा प्रश्न सुटला नाही की निष्ठेचे प्रश्न उभे राहतात. जतला जे कळते ते हेरातला का लागू होऊ नये?

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेने घेतला, आणि तो टाळीचा नव्हता. १५ ऑगस्ट २०२१ नंतर ज्यांच्या हाती काबूल आहे, त्यांनी मुलींच्या माध्यमिक शाळा बंद ठेवल्या. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारेही लावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत स्त्री पत्रकारांना प्रवेश नव्हता. आणि त्याच भेटीत भारताने काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याची घोषणा केली. अशांचे स्थैर्य आपण का राखावे? सावित्रीबाईंचे नायगाव साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात आहे. त्या मातीत शिकवणाऱ्यांनी या प्रश्नाला बगल देता कामा नये.

आमचे उत्तर असे. बागाईतदाराशी केलेला व्यापार म्हणजे राज्यकर्त्याला दिलेले प्रमाणपत्र नव्हे. आणि बेदाण्याचे दार लावल्याने एकाही मुलीची शाळा उघडणार नाही, उलट तिच्या घरची चूल तेवढी विझेल. पण याचा अर्थ असाही नाही, की व्यापार करावा आणि गप्प बसावे. निम्म्या लोकसंख्येला घरात कोंडून जी शांतता मिळते तिला स्थैर्य म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे, आणि भाषेच्या गैरवापरावर बोट ठेवणे हे तर आपले नेमलेले काम आहे. बेदाण्याला शुल्कमाफी मिळते; मग त्या देशातल्या मुलीला आपल्या विद्यापीठांत शुल्कमाफी का नसावी? पुण्याने अफगाण विद्यार्थी अनेक वर्षे सांभाळले आहेत. व्यापाराची प्रत्येक सवलत तिथल्या मुलींच्या शिक्षणाच्या एखाद्या वाटेशी जोडावी, दूरशिक्षणाने का होईना, अशी मागणी शिक्षकांनी केली नाही तर कोणी करायची?

म्हणून आमचे म्हणणे तीन वाक्यांत सांगता येते. अफगाण बेदाण्याला दार उघडे ठेवावे. त्याची झळ केंद्राच्या तिजोरीने सोसावी: भाव कोसळेल त्या वर्षी इथला बेदाणा सरकारने विकत घेऊन शाळांच्या पोषण आहारात घालावा, ही मागणी जुनी आणि रास्त आहे. आणि जो माल अफगाण म्हणून येतो तो खरोखर तिथलाच आहे का, हे बंदरावर आणि नाक्यावर काटेकोर तपासावे. कारण सार्कच्या नियमांप्रमाणे सवलत त्या देशात पिकलेल्या फळाला आहे, वाटेत पेटीवरची चिठ्ठी बदललेल्या कोणत्याही तिसऱ्या देशाच्या मालाला नाही. चिठ्ठी बदलणारा दलाल तासगावलाही लुटतो आणि शोमालीलाही.

हे कुठे मांडायचे, हाही प्रश्नच आहे. ज्या सार्कने ही सवलत घडवली त्याची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचा नाका बंद झाला आणि अडकलेल्या अफगाण मालमोटारींना मे महिन्यात खास परवानगी द्यावी लागली. सवलत देणारी सभा भरत नाही, नाका कधी बंद होईल सांगता येत नाही, आणि शेतकऱ्याने मात्र ऑक्टोबरची छाटणी वेळेवर करायची.

राहता राहिला साहित्याचा मुद्दा. 'हा अर्थशास्त्राचा विषय, आपला नव्हे' असे म्हणणारे आमच्याच विभागात आहेत. त्यांना नम्रपणे विचारावेसे वाटते, की उसाचा फड, मळणी, बैलबाजार हे ग्रामीण साहित्याचे विषय होऊ शकतात, तर शीतगृहाची पावती का नाही? गावाच्या बांधापलीकडे काबूल सुरू होते, हे ज्या लेखनाला दिसत नाही, ते कितीही मातीचा वास देवो, आजच्या गावाविषयी बोलत नाही. अटकेपार झेंडे लावल्याचा अभिमान बाळगणाऱ्या भाषेला अटकेपारचा माणूस दिसू नये, ही आपली वाङ्मयीन दिवाळखोरी आहे.

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढे एवढेच सांगू शकलो, की तुझ्या वडिलांचा माल पडून आहे याला काबूलचा शेतकरी जबाबदार नाही, आणि तुझ्या वडिलांनी ते मुकाट्याने सोसावे असेही नाही. त्याने विचारले, "मग जबाबदार कोण?" शब्दांच्या यादीत आणखी एक अरबी-फारसी शब्द लिहायचा राहून गेला होता. तो आम्ही फळ्यावर लिहिला: हिशेब.