सीव्ही, रेझ्युमे आणि आपला लाडका बायोडेटा

नोकरीला अर्ज करायचा म्हटलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, "बायोडेटा तयार आहे ना?" जाहिरातीत कुणी सीव्ही मागतं, कुणी रेझ्युमे. आपली मुलं दोन्हीकडे तीच फाईल पाठवतात, फक्त फाईलचं नाव बदलून. मला विचाराल तर हे तीन कागद तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

सीव्ही म्हणजे करिक्युलम व्हिटे, लॅटिनमध्ये आयुष्याची वाटचाल. 'आजवर काय काय केलंस?' हा त्याचा प्रश्न. अमेरिकेत तो मागतात मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्था. शोधनिबंध, परिषदा, शिकवलेले विषय, मिळालेलं अनुदान, सगळं त्यात येतं. वयाबरोबर तो वाढत जातो, दहा पानांचा झाला तरी कुणी नाक मुरडत नाही.

रेझ्युमे हा फ्रेंच शब्द, अर्थ सारांश. त्याचा प्रश्न, 'या कामाला तूच का?' एक पान, फार तर दोन. गंमत म्हणजे खुद्द फ्रान्समध्ये या कागदाला सीव्हीच म्हणतात. ब्रिटनमध्येही नोकरीसाठी सीव्ही मागतात, आणि तिथे दोन पानांचा पुरतो. आपल्याकडे तर दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. म्हणून शब्दापेक्षा मागणारा कोण ते बघावं. पीएचडी किंवा प्राध्यापकी असेल तर सगळं लिहा. कंपनी असेल तर तिने सीव्ही म्हटलं तरी तिला हवा असतो रेझ्युमेच.

निवड कशी करावी हे लिओनार्दो दा विंचीकडून शिकावं. 1482 च्या सुमारास त्याने मिलानच्या लुडोविको स्फोर्झासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा प्रसिद्ध आहे. हलके पूल, तोफा, वेढ्याच्या वेळची यंत्रं असे मुद्दे ओळीने मांडलेत. आपण चित्रंही काढतो, हे अगदी शेवटी! समोरच्याला तेव्हा काळजी लढाईची होती, हे त्याने ओळखलं होतं.

आणि आपला बायोडेटा? त्याचा प्रश्न, 'तू कुणाचा?' वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, विवाहित की अविवाहित, शेवटी 'वरील माहिती सत्य आहे' असं प्रतिज्ञापत्र. रास आणि उंची तेवढी राहते. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर वंश, धर्म, स्त्री-पुरुष असा भेद नोकरीत करायला बंदी आली. त्यामुळे तिथे रेझ्युमेवर धर्म, फोटो, लग्न असलं काही लिहीत नाहीत. आपणही ते आपणहून का सांगावं?

मला खरी टोचणी वेगळीच आहे. वडिलांच्या किराणा दुकानात चार वर्षं संध्याकाळी बसलेली मुलगी घ्या. तिने हिशेब ठेवले, उधाऱ्या वसूल केल्या, 2017 मध्ये जीएसटी आल्यावर बिलं कॉम्प्युटरवर आणली. अकाउंट्सच्या नोकरीला याहून चांगली शिदोरी कोणती? पण बायोडेटाच्या साच्यात त्याला रकानाच नाही. छंदाला मात्र आहे, म्हणून ती लिहिते, 'वाचन आणि संगीत ऐकणे'. ज्याचा काका कंपनीत साहेब आहे त्याचं कशानेही अडत नाही. जिची ओळख देणारं तिथे कुणीच नाही, तिच्या वतीने बोलणारा तो एकच कागद असतो. तोच मुका असला तर तिची बाजू कोण मांडणार?

तेव्हा घरातल्या पोरापोरींनो, दोन गोष्टी करा. एक फाईल स्वतःपुरती ठेवा. केलेलं प्रत्येक काम, तारखांसकट, आकड्यांसकट त्यात टाकत जा. ते तुमचं कपाट. मग प्रत्येक अर्जाच्या वेळी जाहिरात समोर ठेवून त्यातून एक पान काढा. ती प्रवासाची बॅग. लग्नाला जाताना आणि गडावर जाताना आपण एकच बॅग भरतो का? आणि बॅगेत फक्त आपलेच कपडे भरा, उसने नकोत. मुलाखतीत ते लगेच ओळखू येतात.

असो. बायोडेटा अगदीच फेकून देऊ नका. घरचे लग्नाचं बघायला लागले की लागेलच.