लक्ष्मीपूजन आणि घरची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या वहीची पूजा करतो. आपण नोकरदार माणसे पाटावर दागिने, नाणी आणि नवी केरसुणी मांडतो, हळदकुंकू वाहतो आणि लाह्या-बत्तासे वाटून मोकळे होतो. वही काही आपल्या पूजेत नसते. ती पूजेत नसली तरी यंदा घरात असावी, एवढेच या वेळी वाचकांना सांगायचे आहे.

वर्षभर लांबणीवर टाकलेली खरेदी बोनस हाती पडला की दिवाळीत होते. धनत्रयोदशीला सोन्याचे वळे, पाडव्याला पैठणी, हॉलमध्ये मोठा टीव्ही, मुलीला लॅपटॉप. घरात लाखाची भर पडते. मग कोणी विचारले, "अहो, या सगळ्याचा विमा?" की घरधनी छातीठोकपणे सांगतात, "आहे की! दरवर्षी हप्ता भरतो." चौकशीअंती तो आयुर्विमा निघतो! आयुर्विमा कर्त्या माणसाच्या पश्चात कुटुंबाला हात देतो. घर जळाले किंवा कपाट फुटले तर तो उपयोगी पडत नाही. त्यासाठी घराचा आणि सामानाचा विमा वेगळा घ्यावा लागतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही नुसत्या सामानाचा विमा उतरवता येतो.

१ एप्रिल २०२१ पासून आलेली 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी घ्या. आग, स्फोट, पूर, भूकंप यांनी होणारे नुकसान तिच्यात येते. म्हणजे खिडकीतून शिरलेल्या रॉकेटने पडदे पेटले तर तीही आगच. परंतु दागिन्यांसाठी तिच्यात निराळे संरक्षण मागून घ्यावे लागते. चोरीचे म्हणाल तर आग-पुरासारखी आपत्ती आल्यावर त्या गडबडीत, सात दिवसांच्या आत झालेली चोरीच मूळ पॉलिसीत धरली आहे. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा हवा.

घरफोडीच्या विम्यातही एक मेख असते. चोर कुलूप तोडून, गज वाकवून, म्हणजे बळजबरीने घरात शिरला असला पाहिजे, अशी अट सामान्यतः असते. फराळाची ताटे देण्याघेण्यासाठी आपले दार दिवसभर सताड उघडे. त्या दारातून कोणी आत येऊन टेबलावरचा मोबाइल उचलून नेला, तर भरपाई मिळणे कठीण. रोख रक्कम तर बहुधा विम्यात धरतच नाहीत. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी घर सलग किती दिवस बंद राहिलेले चालते, हेही पॉलिसीत पाहून घ्यावे.

रक्कम कमी लिहिण्याचा मोहही टाळावा. समजा, घरात आठ लाखांचे सामान आहे आणि हप्ता वाचावा म्हणून विमा चारच लाखांचा उतरवला. उद्या एक लाखाची चोरी झाली, तर सरासरीची अट असलेल्या पॉलिसीत निम्मेच, म्हणजे पन्नास हजार हाती येतात. दिवाळीत सामान वाढते, पॉलिसीतला आकडा मात्र गेल्या वर्षीचाच राहतो. तो कंपनीला लेखी कळवून वाढवून घ्यावा. आणि हप्ता 'उद्या भरू' म्हणू नये. १९३८ च्या विमा कायद्यातील कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता आधी पोहोचल्याशिवाय कंपनी जोखीम पत्करत नाही.

"आमचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आहेत," असे म्हणून पुष्कळ भगिनी निश्चिंत असतात. लॉकर सुरक्षित खराच. पण आत काय आहे हे बँकेला ठाऊक नसते आणि ती त्याचा विमाही उतरवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी अशा कारणांनी नुकसान झाले, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. भाडे तीन हजार असेल तर तीन लाख. आजीच्या पाटल्या आणि सुनेचा राणीहार तेवढ्यात बसतात का, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

दुकानदार टीव्हीबरोबर 'वाढीव हमी' गळ्यात मारतो, तिलाही विमा समजू नये. संच बिघडला तर दुरुस्ती करून देण्याचा तो करार. चोरीला गेला तर सहसा उपयोग नाही. याउलट, नोंदणीकृत गॅस-ग्राहकांसाठी तेल कंपन्या अपघाताचा विमा उतरवतात आणि त्याचा वेगळा हप्ता आपल्याला पडत नाही. चकल्या-अनारसे तळताना दिवसभर शेगडी पेटती असते, म्हणून हे ध्यानात ठेवावे. अपघात झालाच तर वितरकाला ताबडतोब लेखी कळवावे.

आता ती वही. दोन आण्यांची असो की दोनशे रुपयांची, तिच्यात प्रत्येक मोलाची वस्तू, खरेदीची तारीख, किंमत आणि संचाचा क्रमांक लिहावा. पावती चिकटवावी. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक सक्तीचा झाला आहे. तो वजनासह टिपून ठेवावा. प्रत्येक पानाचा आणि वस्तूचा फोटो काढून बहिणीकडे किंवा भावाकडे पाठवावा, कारण घराबरोबर वहीही जळू शकते. घरफोडी झाली तर आधी पोलिसांत फिर्याद आणि लगोलग विमा कंपनीला खबर द्यावी. आगीत खराब झालेले सामान सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत फेकू नये. त्या वेळी घाबरलेल्या माणसाला काहीच आठवत नाही. वहीला सारे आठवते.

गेलेल्या पाटल्यांतली आजीची आठवण कोणतीही कंपनी भरून देणार नाही. पण मुलीच्या लग्नासाठी जमवलेले सोने पुन्हा उभे करण्याची वेळ आली, तर त्या दोन पानांचा मोठा आधार होईल. पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतात, त्याच दिवशी आपणही उघडावी. लिहायला मुलांना बसवावे. अक्षर त्यांचे, आठवण आजीची, आणि पावत्या शोधण्याचे काम अर्थातच घरधन्यांचे!