ताळेबंदात नफा, तिजोरीत खडखडाट

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या तेथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यानंतर या परिसरात यंत्रकाम, ओतकाम आणि सुटे भाग बनविणारे अनेक लहान उद्योग वाढले. अशा उद्योगांच्या हिशेबात एक विसंगती नेहमी आढळते. वर्षअखेरीस नफा दिसतो. मात्र महिनाअखेरीस पगारासाठी धावाधाव करावी लागते.

याचे मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. माल स्वीकारला गेला आणि बिल निघाले की विक्रीची नोंद होते; पैसे हाती आले की नाही, हा प्रश्न नफा-तोटा पत्रक विचारत नाही. समजा, स्मृति नगरात राहणाऱ्या एका उद्योजकाचे हातखोजच्या औद्योगिक क्षेत्रात वर्कशॉप आहे. दरमहा तो १० लाख रुपयांचे बिल करतो. पोलादावर ५ लाख आणि मजुरी, वीज व भाडे यांवर ३ लाख खर्च होतात. नफा २ लाख. ग्राहक ९० दिवसांनी पैसे देतो. पोलादाचे पैसे मात्र रोख मोजावे लागतात. शिवाय १८ टक्के वस्तू व सेवा कर बिलाच्या तारखेनुसार देय होतो. पोलाद खरेदीवर ९० हजार आणि पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत उरलेले ९० हजार, असा हा कर त्याच्याच खिशातून आधी जातो. एप्रिल, मे आणि जूनच्या कामासाठी २० जुलैपर्यंत त्याचे २९ लाख ४० हजार रुपये बाहेर पडलेले असतात. जमा शून्य, आणि वहीत नफा ६ लाख! मागणी दुप्पट झाली तर ही खाईही दुप्पट होते. भरभराटीच्या काळात उद्योग बंद पडतात ते असे.

उलट प्रकारही घडतो. घसाऱ्यामुळे नफा घटतो, पण त्यासाठी पैसा बाहेर जात नाही. कर्जाच्या मुद्दलाचा हप्ता रोकड नेतो, पण नफ्यात त्याची वजावट नसते.

महाराष्ट्रात हीच कोंडी साखर कारखान्यांच्या रूपाने परिचित आहे. तेथे पैसा बिलांत नव्हे, तर गोदामातील पोत्यांत अडकतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. साखर मात्र वर्षभर, मासिक कोट्याप्रमाणे विकली जाते. मधला काळ कर्जावर निघतो.

लहान पुरवठादारांसाठी कायदा नाही, असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे देण्याची मुदत करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज आकारता येते. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला प्राप्तिकराची जोड दिली: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येईनाशी झाली. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तरीही, ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्याकडेच व्याज मागण्याचे धाडस कोण करणार? म्हणूनच मंजूर बिले बोलीवर विकून आगाऊ रक्कम मिळवून देणारी ‘ट्रेड्स’ ही व्यवस्था अधिक व्यवहार्य वाटते. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथील नोंदणी २०२४ मध्ये बंधनकारक करण्यात आली. अर्थात, बिलाला मंजुरी देणे खरेदीदाराच्याच हाती राहते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कंपनी कायदा, २०१३ ने लहान कंपन्यांना रोख प्रवाहाच्या विवरणपत्रातून सूट दिली आहे. कागदपत्रांचा भार हलका करण्याचा हेतू योग्यच. पण पैसा नेमका कोठे अडकला हे दाखवणारा कागद, ज्यांना त्याची सर्वाधिक निकड, त्यांच्याच दप्तरी बहुधा नसतो. बँकेचा अधिकारी खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरवताना पहिला प्रश्न मात्र येणी किती दिवसांची आहेत, हाच विचारतो.