पिशवीचे तोंड आणि कोयत्याचा खाडा

ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातील टोळ्या साताऱ्या-सांगलीच्या फडांवर उतरतात. त्यांत गरोदर स्त्रियाही असतात. अशा स्त्रीचा रक्तदाब चढला किंवा पाणी जाऊनही कळा सुरू झाल्या नाहीत, तर त्या आणाव्या लागतात. वाद त्याविषयी नाही. त्याआधीच्या पाच मिनिटांविषयी आहे.

एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरने 1964 साली एक साधी गुणपद्धती मांडली. गर्भाशयमुख किती उघडले, किती आखूड झाले, मऊ आहे की कठीण, पुढे वळले की मागेच आहे आणि बाळाचे डोके किती उतरले, या पाच गोष्टींना मिळून 13 गुण. आठांहून अधिक भरले तर आणलेल्या कळा आपोआप आलेल्या कळांप्रमाणेच प्रसूतीपर्यंत जाण्याचा संभव मोठा. सहा किंवा कमी असतील तर पिशवीचे तोंड आधी गोळीने, जेलने वा फुग्याच्या नळीने मऊ करावे लागते. यंत्र कसलेच नको. स्वच्छ हातमोजा आणि शिकलेली दोन बोटे पुरेत.

मग अडते कोठे? वेळेपाशी. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 स्त्रियांचा अभ्यास झाला. तो 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. गोळी दिलेल्यांपैकी 57 टक्के आणि नळी घातलेल्यांपैकी सुमारे 47 टक्के स्त्रियाच चोवीस तासांत नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या. म्हणजे औषध स्वस्त, पण खाट आणि रात्रभर ठोके ऐकणारी परिचारिका महाग! कच्च्या मुखावर सलाईनमधून कळांचे इंजेक्शन सोडायचे आणि ‘प्रगती नाही’ म्हणून पोट उघडायचे, हा मार्ग मात्र घड्याळाला सोयीचा. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील खाजगी रुग्णालयांत 47.4 टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली, सरकारीत 14.3 टक्के. हा सारा फरक घाईचा नव्हे. आणि भूलतज्ज्ञच नसल्याने शस्त्रक्रिया टळते, ते काही सरकारी खात्याचे भूषण नव्हे.

म्हणून गुण केसपेपरवर लिहिल्याखेरीज सलाईन लागू नये. जत, आटपाडी, माण, पाटण येथे गुण कमी भरले आणि शस्त्रक्रियेची सोय नसेल, तर सलाईन लावण्याआधीच त्या स्त्रीला साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात वा मिरजेच्या शासकीय महाविद्यालयात पोहोचवावे. कार्यकर्त्यांनी आणखी एक मागणी कारखान्यांपुढे ठेवावी. बाई खाटेवर वाट पाहते तेव्हा नवरा-बायकोच्या कोयत्यावर मुकादम खाडा धरतो; ‘लवकर मोकळी करा’ ही विनवणी पुष्कळदा त्या खाड्यापोटी असते. बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा कारखान्याने माफ करावा.