वाडा नको, मांडव हवा

व्हेनिसच्या द्वैवार्षिक आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात भारताची कायमची वास्तू नाही, याबद्दल हळहळण्याची रीतच आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ झाली आहे. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका, जपान यांची दालने तेथील जार्दिनी या उद्यानात दिमाखाने उभी आहेत आणि एवढा थोरला भारत मात्र परक्या जागेत बिऱ्हाड मांडतो, असा या हळहळीचा सूर असतो. आमच्या मते हा सूरच चुकीचा आहे. आणि पांढुर्णा-सौंसरच्या मराठी माणसाने तर तो मुळीच धरू नये.

हे प्रदर्शन 1895 मध्ये सुरू झाले. 1907 मध्ये बेल्जियमने पहिले राष्ट्रीय दालन बांधले आणि पाठोपाठ युरोपातील इतर सत्तांनी आपापली घरे उठवली. म्हणजे उद्यानातील जागांची वाटणी झाली ती सत्तेच्या आणि पैशाच्या क्रमाने. कलेच्या गुणवत्तेशी तिचा संबंध नव्हता. जर्मनीच्या दालनाला 1938 मध्ये नाझी राजवटीने आपल्या थाटाचे रूप दिले. 1993 मध्ये हान्स हाके या जर्मन कलावंताने त्याच दालनाची फरशी फोडून तिचे तुकडे हेच आपले कलाकृत्य म्हणून मांडले. त्याच्या जोडीला तेथे होता कोरियात जन्मलेला नाम जून पाइक. आणि सर्वोत्तम दालनाचा सुवर्णसिंह या दालनालाच मिळाला. 2013 मध्ये जर्मनी आणि फ्रान्स यांनी आपल्या वास्तूंची चक्क अदलाबदल केली आणि जर्मनीने निवडलेल्या चार कलावंतांत आपल्या दयानिता सिंग होत्या. ज्यांच्यापाशी वाडे आहेत तेच त्यांच्या भिंतींना कंटाळले असताना आपण भिंतींचा हट्ट का धरावा?

सीमारेषा आणि संस्कृती एकमेकींना मोजून मापून बसत नाहीत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी नागपूर ही आपल्याच राज्याची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यासह आपण मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हाही झाला. नकाशा दोनदा बदलला. घरातली बोली आणि नागपूरकडची सोयरीक बदलली नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा यांचेच पाहा. जन्म मंडला जिल्ह्यात, कलाशिक्षण नागपुरात आणि मुंबईत, 1950 पासून अनेक दशके वास्तव्य फ्रान्समध्ये, आणि 2016 मध्ये अखेरची माती पुन्हा मंडल्याचीच. त्यांना एका झेंड्याच्या दालनात बसवायचे, तर आयुष्याचा कोणता भाग दाराबाहेर ठेवायचा?

यावर काहीजण दुसरे टोक गाठतात. राष्ट्रीय दालनेच मोडीत काढा, कलावंत विश्वनागरिक असतो, असे ते सांगतात. हे ऐकायला उदात्त वाटते, पण फसवे आहे. राज्यसंस्थेने अंग काढून घेतले की ज्याच्या पाठीशी धनिक संग्राहक आणि बडी कलादालने आहेत तोच व्हेनिसला पोहोचेल. आडगावच्या कलावंताला राज्यसंस्थेकडे निदान हक्काने मागता तरी येते.

म्हणून खरा प्रश्न सातत्याचा आणि निवडीचा आहे. 2011 मध्ये रणजित होस्कोटे यांच्या संयोजनाखाली भारताचे दालन लागले. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या झरीना आणि गुवाहाटीत काम करणारा ‘डिझायर मशीन कलेक्टिव्ह’ हा गट असे दूरदूरचे कलावंत त्यात होते. राष्ट्र नकाशाबाहेरही असते, हे त्या निवडीतून दिसले. मग एकदम 2019. गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त मांडलेल्या त्या दालनात नंदलाल बोस यांच्या हरिपुरा चित्रांशेजारी शकुंतला कुलकर्णी यांची वेताची चिलखते होती. त्यानंतर 2022 आणि 2024 पुन्हा रिकामे, आणि 2026 साठी पुन्हा सहभागाची घोषणा. अशा लहरीच्या कारभाराला कायमची वास्तू मिळाली, तर तिला बहुतेक वर्षे कुलूपच दिसेल.

नंदलालांचेच उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. 1936 मध्ये खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी बांबू आणि गावातलीच सामग्री घेऊन अधिवेशननगरी सजवली. खेडुतांसाठी, खेड्यात उभे राहिलेले ते राष्ट्राचे दालन होते. काम संपताच उतरवलेही गेले. आपल्या भाषेत त्याला मांडव म्हणतात. मांडवाला पाया लागत नाही. पण तो मुहूर्तावर पडावा लागतो आणि कोणाला बोलावले, हे साऱ्या गावाला ठाऊक असते.

आपली मागणी तेवढीच असावी. दर दोन वर्षांनी न चुकता भारताचा मांडव पडावा. कलावंत कोणी आणि कोणत्या निकषावर निवडले, हे जाहीर व्हावे. आणि परतलेली कामे दिल्ली-मुंबईत न अडकता पांढुर्णा-सौंसरसारख्या गावांत फिरावीत. जी कला आपल्या नावाने परदेशी जाते, ती पाहण्याचा पहिला नाही तरी शेवटचा मान आपल्याला मिळालाच पाहिजे.